शेवटचं कडवं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, फैसलला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असावं. एरवी मी चिकार बोलतो. आमचा बँड का मोडला हा विषय निघाला की मी तासभर बोलू शकतो, लोक हसून हसून दमतात. त्या सगळ्या बोलण्यात खरी गोष्ट एकदाही आलेली नाही.

बँडचं नाव होतं घामोळं. पुंडलिकनगरात आमच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती. ऐन मे महिन्यात तिच्यात सराव करणाऱ्यांना दुसरं काय नाव सुचणार? मी गिटार वाजवायचो, फैसल ड्रम बडवायचा आणि सिद्धार्थ गायचा. सिद्धार्थ गायला लागला की वाटायचं — अरे, आपण गिटार शिकलो ते बरं झालं. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. मित्राला असलं कोण सांगतं?

गाणी आमची कॉलेजच्या पोरांची असतात तशीच होती. पोरगी सोडून गेली, गाडीत पेट्रोल नाही, पुण्याला जायचंय. एक गाणं सोडून. ते सिद्धार्थच्या वडिलांचं होतं. रंगनाथकाका वाळूजला कारखान्यात कामाला होते आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत गायचे. गाणं स्वतः लिहायचे, चालही स्वतःच लावायचे. एका रविवारी ते गच्चीवर आले, रंगाच्या रिकाम्या बादलीवर बसले आणि मांडीवर ठेका धरून त्यांनी आम्हाला ते गाणं दिलं.

चाल रे लेकरा, ऊन झालं वाट,
पाटीवर उगवू दे तुझी पहाट.

फैसलनं ठेका दुप्पट केला, मी गिटारवर थोडी खरखर घातली. आम्हाला वाटलं, काका चिडतील. ते मान डोलवत होते. त्यांची अट एकच होती.

"बाकी काय बी करा पोरांहो," ते म्हणाले. "पण शेवटचं कडवं खाऊ नका. आमचं गाणं कुणी छापत नाय. नाव तिथंच ऱ्हातं."

शेवटच्या कडव्यात करणाऱ्यानं आपलं नाव घालायचं, ही त्यांच्या पार्टीची रीत. गाणं कुणीही गावं, कुठल्याही गावात गावं, शेवटाला आलं की करणाऱ्याचं नाव घ्यावंच लागतं. या गाण्याचा शेवट असा होता — निळ्या निशाणाखाली रंगनाथ गातो, अक्षर अक्षर पेरत जातो. आम्ही तिघांनी मान हलवली. मी सगळ्यात जोरात हलवली असेन.

मग ती क्लिप आली. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कुणीतरी मोबाईलवर पहिली दोन कडवी घेतली आणि टाकून दिली. पुढचं काय सांगू? आठवड्याभरात ती आमच्याआधी सगळीकडे पोचली होती. औरंगपुऱ्यातल्या कपड्याच्या दुकानदारानं आम्हाला शर्ट फुकट दिले, फोटो काढायच्या बोलीवर. जे शेजारी आवाज बंद करा म्हणून जिन्यात उभे राहायचे, ते पाहुण्यांना गच्ची दाखवायला आणू लागले. पुण्याच्या एका फेस्टिव्हलचं बोलावणं आलं. मुंबईच्या एका म्युझिक कंपनीनं गाणं मागितलं, आम्ही ते शेवटच्या कडव्यासकट रेकॉर्ड करून पाठवलं, आणि मग त्यांचा फोन आला. तो मी घेतला, कारण बँडची बोलणी मीच करायचो. तो फोन सांगतो — पण आधी पेढ्यांचं सांगू द्या. मला त्या फोनकडे सरळ जाववत नाही.

गाणं बाहेर आलं त्या दिवशी काकांनी अख्खी गल्ली बोलावली होती. पेढे आणले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सिद्धार्थनं फोन स्पीकरला जोडला, बायका दारात उभ्या राहिल्या, गायन पार्टीचे ढोलकीवाले पुढे बसले. गाणं सुरू झालं. खरं सांगतो, गाणं भारी झालं होतं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. काकांचे डोळे मिटलेले. मग ते सावरून बसले आणि शेवटच्या कडव्यासाठी त्यांनी श्वास भरून घेतला, तोंड उघडलं — आणि फोनमधून कसलीशी जाहिरात सुरू झाली.

कुणालाच काही कळेना. गाणं अडकलं असेल म्हणून सिद्धार्थनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग त्यानं खाली लिहिलेलं वाचलं. गीत-संगीत या शब्दापुढं लिहिलं होतं, पारंपरिक. त्याच्याखाली दोन ओळी होत्या — फर्दापूरच्या डोंगरात एका अनाम म्हाताऱ्याकडून ऐकलेली जुनी चाल.

काकांनी माझ्याकडे पाहून विचारलं.

"पारंपरिक म्हंजी करणारा माहीत नाय, तेच ना? मी तर इथंच बसलोय."

सिद्धार्थही माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "कंपनीनं केलंय हे. मी त्यांना सगळं सांगितलं होतं." माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. उलट मी चिडून दाखवलं. काकांनीच मला शांत केलं, हातात पेढा ठेवला. आणि मी तो खाल्ला.

आता फोन.

कंपनीतून बोलणाऱ्या त्या बाई काही वाईट नव्हत्या हो. त्यांनी साधं विचारलं, चाल कुणाची आहे? परवानगी कुणाची घ्यायची? आणि शेवटच्या कडव्यातले रंगनाथ कोण? मी फक्त एवढंच सांगायचं होतं — माझ्या मित्राचे वडील, थांबा, त्यांनाच देतो. सिद्धार्थ खाली टपरीवर चहा घेत उभा होता. मला गच्चीवरून तो दिसत होता. मी म्हणालो, पारंपरिक आहे. ते कडवं नंतर कुणीतरी जोडलेलं आहे, काढलं तरी चालेल. त्यांना ती जुनी चाल वगैरे फार आवडलं, त्या विचारू लागल्या, कुठं ऐकलीत? आम्ही मागं एकदा फर्दापूरला बाईकवर गेलो होतो, चहा-भजी खाऊन परत आलो होतो. तेच गाव तोंडात आलं. म्हातारा मी जागेवर तयार केला.

का केलं असं? मी स्वतःला पुष्कळ विचारलंय. त्याच्या महिनाभर आधी एका लग्नात माझे चुलते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "जयंतीची गाणी वाजवायला लागला म्हणं तू?" पंगत हसली. मीही हसलो. मला वाटलं होतं, आपण या चुलत्यांसारखे नाही, आपण कलाकार. पण त्या फोनवर निळं निशाण हा शब्द उच्चारायची वेळ आली तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तीच पंगत आली. शिवाय खरं सांगू? अनाम म्हाताऱ्याकडून गाणं शोधून आणणारा मी ठरत होतो. मित्राच्या वडिलांनी दिलेलं गाणं वाजवणारा मी कोण? नुसता गिटारवाला. मला ते गाणं हवं होतं. ते ज्या घरातून आलं ते घर मला नको होतं.

सिद्धार्थ म्हणाला, कंपनीशी भांडू. मी म्हणालो, तू मध्ये पडू नकोस, तुझं डोकं गरम आहे, मी बोलतो. मी एकदाही बोललो नाही. दर वेळी येऊन सांगायचो, ऐकत नाहीत रे, मोठी माणसं आहेत. पुण्याच्या फेस्टिव्हलला शेवटचं कडवं गायचं नाही असं मी कंपनीच्या नावानं त्याला बजावलं. तो स्टेजवर गेला, बाकी सगळी गाणी गायला आणि ते गाणं गायलाच नाही. लोक त्याच एका गाण्यासाठी आले होते. आरडाओरडा झाला, मग हुर्यो. नंतर फोन यायचे कमी झाले, मग बंद झाले. तेवढ्यात कोकणातल्या कुठल्याशा पोराची क्लिप चालली आणि सगळे तिकडं वळले. वर्षही पुरं झालं नसेल, आमचा बँड संपला. लोक म्हणतात, सिद्धार्थच्या डोक्यात हवा गेली. हे मी कधी खोडून काढलं नाही.

अजून एक आहे. ते सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही.

पुढच्या जयंतीला संध्याकाळी मी त्यांच्या वस्तीतल्या कार्यक्रमाला गेलो होतो. मागं, गर्दीत उभा होतो. सूत्रसंचालकानं माइकवर सांगितलं, आता रंगनाथकाका घामोळं बँडचं सुपरहिट गाणं म्हणतील. काकांनी स्टेजवर येऊन माइक हातात घेतला. मग गायले. आवाज आता थरथरत होता, पण गायले. शेवटच्या कडव्याला त्यांनी आपलं नाव घेतलं, तेव्हा माझ्या पुढची पोरं खिदळली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "बघ ना, काकानं आपलं नाव घुसवलं गाण्यात." काकांना ते ऐकू गेलं असेल का? ती पोरं माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मला फक्त खांद्यावर हात ठेवून सांगायचं होतं. मी गाडीला किक मारून घरी आलो. त्यानंतर काकांनी ते गाणं कधीच म्हटलं नाही, असं सिद्धार्थनंच मला पुढे सांगितलं.

गेल्या वर्षी काका गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी पांढरे कपडे घालून गेलो, मागं बसलो. सिद्धार्थ वडिलांबद्दल चार शब्द बोलला आणि मग त्यानं मला नावानं हाक मारली, सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणाला, "बाबांचं नाव ऱ्हावं म्हणून जगात एकच माणूस भांडला. ह्यो."

लोक माझ्याकडे वळून बघत होते. काकूंनी बसल्या जागेवरून मला हात जोडले.

मीही हात जोडले, आणि खाली बसलो.