वेशीचं कुलूप, घराचं कुलूप

फोन कुणाचाही असो, कालचा कोरा असो की वीट म्हणून बांधकामाला चालेल इतका जुना, ती आधी तो कानाशी धरून हलवायची. बाजारात नारळ घेताना आत पाणी आहे का बघतात ना, अगदी तस्सा. मग मान डोलवून निकाल द्यायची, "हाय, जिता हाय." आणि निकालापाठोपाठ प्रश्न, "कुलूप कंचा? वेशीचा का घराचा?"

समोरचा माणूस गोंधळायचा. गोंधळलेला माणूस बघणं हा माझा आवडता उद्योग आहे, आणि देवाने माझी सोय अशी केली होती की धामणकर नाक्यावरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीलाच तिची टपरी लागून होती. एक टेबल, एक स्टूल, रिक्षावाल्यांनाही सावली पुरेल एवढी छत्री, आणि छत्रीखाली साठीकडे झुकलेली, अंबाड्यावर अबोलीचा गजरा माळलेली आगरी बाई. मराठी गिऱ्हाईक तिला मावशी म्हणायचं, कापडाच्या लूमवरचे कारागीर मौसी म्हणायचे. मला ती 'झेरॉक्स' म्हणायची. माझ्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव तिने एकदाही तोंडात घेतलं नाही.

तर कुलूप. परदेशातून आलेले फोन कधीकधी तिथल्या एकाच कंपनीला बांधलेले असतात. आपल्याकडचं सिम आत गेलं की फोन हटून बसतो आणि कोड मागतो. हे वेशीचं कुलूप. गाव उघडं, घरं उघडी, पण वेशीवर पहारेकरी. आणि आपण बोटाने रेघोट्या ओढून किंवा आकडे टाकून लावतो ते घराचं कुलूप. "वेशीचा कुलूप मी खोलन," ती सांगायची, "घराचा घरधन्यानं खोलावा."

एकदा एक गृहस्थ ऐटीत आला. फोन बायकोचा, पॅटर्न विसरली म्हणे.

"तो उसको लेके आओ," मावशी म्हणाली.

"मौसी, मैं शौहर हूँ उसका!"

"मना दिसतंय ना. म्हनूनच बोलतंय, लेके आओ. तीनों मिलके चाय पियेंगे."

चहा प्यायला कोणी आलं नाही. फोन मात्र बायकोकडे सुखरूप परत गेला असावा, कारण चार दिवसांनी एक बुरखेवाली बाई मावशीच्या टेबलावर न बोलता चार केळी ठेवून गेली.

तिची सिमकार्डं कुठे असायची सांगू? पितळेच्या पानाच्या डब्यात. चुन्याच्या कप्प्यात एक कंपनी, काताच्या कप्प्यात दुसरी, सुपारीच्या कप्प्यात तिसरी. सिमचा ट्रे उघडायला इतर दुकानदारांकडे खास पिन असते. ही बांगडीत अडकवलेली सेफ्टीपिन काढायची, टुचकन टोचायची आणि पिन पुन्हा बांगडीत. तरुणपणी घरच्या लूमवर तुटलेले धागे जोडून जोडून तिची बोटं अशी तयार झाली होती की नखाएवढं सिम तिच्या चिमटीतून कधी निसटलं नाही. घरची जमीन केव्हाच गोदामांना गेलेली, भाडं घरपोच येत होतं. मग उन्हात कशाला बसता, असं मी एकदा विचारलं.

"घरान बसून भाडा मोजाचा? मना माणसा बगाला आवडतान," ती म्हणाली. "तुजंसारखी."

गिऱ्हाइकाला सिम देण्याआधी ती एकच गोष्ट विचारायची: राहता कुठे? पडघ्याच्या पुढे कुठल्या कंपनीची रेंज कुठल्या वळणावर मरते, हे तिला तोंडपाठ होतं. लोक गणेशपुरीला गरम पाण्याच्या कुंडात आंघोळीला जातात. ही पानाचा डबा घेऊन एसटीने रेंज बघायला गेली होती, आणि आंघोळ न करता परत आली होती!

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला लोक यायचे, त्याला पोर्ट करणं म्हणतात, तेव्हा तर तिच्या वाणीला बहर यायचा. "नंबर तोच, घर दुसरा," ती समजावायची. "आमी बायका जल्मभर पोर्टच की रं. पन आमचा नंबर बी बदलतान मेले." नंबर बदलायचा हा विषय तिच्यापुढे कुणी काढायचा नाही. "कंपनी बदल, पोट भरून बदल. नंबर न्हाय बदलाचा. कोनी मागून हाक मारली त कोन ओ देल?"

आता ज्या दिवसासाठी एवढा मांडव घातला, त्या दिवसाकडे येतो.

गुरुवार होता. गणेशपुरीच्या बाजूचा एक शेतकरी तिच्या टेबलापुढे उभा राहिला. डोक्याला टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोठा फोन. सोबत त्याची बायको. बाई एक शब्द बोलल्या नाहीत, कारण त्या जन्मापासून मुक्याबहिऱ्या होत्या. मुलगी दूरदेशी अमेरिकेत, इस्पितळात नर्स. मायलेकींची लहानपणापासून हातांची भाषा, त्या दोघींनीच रचलेली.

"ती रविवारी फोन करते माज्या डबड्यावर," शेतकरी म्हणाला. "मी बोलतो, ही माज्या तोंडाकं बगत बसते. आठ महिने झालं, हिचं तिच्याशी बोलनं न्हाय."

"दुसऱ्या कुणाच्या फोनवर व्हिडिओ लावायचा की," मी पायरीवरून नाक खुपसलं.

"लावला ना. शेजारी फोन धरून उभा. ही हातच उचलंना. लोकांसमोर मनातलं कसं बोलायचं?"

म्हणून लेकीने स्वतःचा वापरातला फोन पाठवला होता. तो निघाला वेशीच्या कुलपाचा. तिने तिथल्या कंपनीकडून आठ आकड्यांचा कोड मिळवून बापाला फोनवर सांगितला होता. बापाने तो स्टँडजवळच्या एका दुकानात दिला, तिथल्या माणसाने तो पुन्हा पुन्हा दाबला, आणि पुन्हा पुन्हा चुकला. आता पडद्यावर इशारा होता: एकच प्रयत्न शिल्लक. तोही चुकला, तर हा फोन पुढे कुठलाच कोड घेणार नव्हता.

मावशीने फोन कानाशी धरून हलवला. "जिता हाय," ती म्हणाली, पण या वेळी जरा हळू. "कोड आन."

शेतकऱ्याने टोपीतून कागदाची घडी काढली. आठ आकडे, टपोरे, ठसठशीत, छापलेले. मी लांबूनच ओळखलं. छपाई माझीच होती! आठवड्यापूर्वी हा माणूस माझ्याकडे कॅलेंडरचं फाडलेलं पान घेऊन झेरॉक्सला आला होता. पेन्सिलचं लिखाण, झेरॉक्स फिकट आली. मग मीच उदारपणे म्हटलं, थांबा काका, साफ टाइप करून देतो. पैसेही घेतले नव्हते. मी छाती काढून पुढे झालो.

मावशी कागद निरखत होती. एक बोट उचललं नाही तिने. "ह्यो अक्षर कोनाचा?"

"छापील हाय," शेतकरी अभिमानाने म्हणाला.

"तेच त. छापलेल्यान कोन चुकला त्ये कलत न्हाय." मग मान न वळवता हाक आली, "ए झेरॉक्स! पान कुठं हाय?"

झेरॉक्सवाल्याच्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. लोक झेरॉक्स नेतात आणि मूळ कागद काचेवर विसरतात. आधार कार्ड, दाखले, कुंडल्या, एकदा तर लग्नाची पत्रिका, तीही नवरदेवाने. मी ते सगळं एका बिस्किटाच्या डब्यात ठेवतो. डबा उपडा केला, आणि निघालं की हो कॅलेंडरचं पान!

ते पान बघितलं आणि माझी छाती होती तिथे परत गेली.

तुमचं शिक्षण मराठी शाळेत झालं असेल, तर तुमच्या डायरीवर एक नजर टाका. आपण आकडे सरळ एका लिपीत लिहितो का? पाटीवरचे आकडे हातात असतात, बाकीचे नंतर शिकलेले. या काकांनी पहिला आकडा इंग्रजी चार लिहिला, नंतर शून्य, आणि तिसरा होता गोल डोक्याचा, शेपटीचा. मी इंग्रजीच्या भरात तो नऊ वाचला, टाइप केला, पुढे आणखी एक तसाच दिसला, तोही नऊ केला. आणि तो होता आपला, पहिलीत गिरवलेला, मराठी एक! सगळा दोष या डोळ्यांचा. स्टँडवरच्या माणसाने बिचाऱ्याने माझेच नऊ इमानाने दाबले होते.

मी पान मावशीपुढे ठेवलं. एकवार तिच्याकडे बघितलं, आणि बोट त्या दोन आकड्यांवर ठेवलं. तिला कळलं.

"काय झालं?" शेतकरी घाबरला.

"काय न्हाय," मावशी म्हणाली. "याची मशीन एकाला नऊ छापते."

"जुनी असंल मशीन."

"हां," ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "पन्नाशीची हाय."

मी मान खाली घालून पायरीवर बसलो. ती तेवढ्यावर थांबली नाही. पानावर शेवटून दुसरा आकडा पेन्सिल पुसटल्याने धूसर झाला होता. एक की नऊ, देव जाणे. दुसरा कोणी असता तर अंदाजाने दाबून मोकळा झाला असता. हिने शेतकऱ्याच्या हातात पेन्सिल दिली. "एक ते दहा लिही, भावा. शालेत लिवायचास तसा."

त्याने लिहिलं. एक, दोन मराठी. तीनपासून इंग्रजी. नऊ उभा, काठी टेकलेल्या म्हाताऱ्यासारखा ताठ. दहाचा एक पुन्हा मराठी, शेपूट डावीकडून उजवीकडे झोकात. मावशीने कॅलेंडरचं पान उन्हात धरलं, तिरकं केलं. पुसट आकड्याच्या पायाशी पेन्सिलची ताठ काठी उमटली होती. "ह्यो खरा नऊ," ती म्हणाली. "बाकी दोन एक."

पण कोड दाबायच्या आधी तिने सिमचा प्रश्न काढला. शेतकरी स्वतःचं आधार काढायला लागला, तर तिने त्याचा हात थांबवला. "बोलाची ही. मंग सिम हिच्या नावाचा." नव्या सिमसाठी फोटो काढताना डोळे मिचकावावे लागतात. बहिऱ्या बाईला सांगायचं कसं? मावशीने स्वतःच डोळा मिचकावला. बाईंनी मिचकावला. मावशीने पुन्हा. धामणकर नाक्याच्या भर गर्दीत दोन म्हाताऱ्या एकमेकींना डोळे मारत होत्या आणि रिक्षास्टँडवर शिट्ट्या वाजल्या.

मग काताच्या कप्प्यातलं सिम निघालं, बांगडीतली पिन निघाली. सिम आत गेलं. फोनने कोड मागितला. मावशीने एकेक आकडा मोठ्याने उच्चारत दाबला, आणि प्रत्येक आकड्याला शेतकऱ्याने "हां" म्हटलं, सत्यनारायणाच्या कथेत म्हणावं तसं. सात आकडे झाले. आठव्याला तिने बाईंचं बोट धरलं आणि त्यांच्याच बोटाने दाबलं.

चाक फिरलं. फिरत राहिलं. मी देवाला कबूल केलं की यापुढे कुणालाही फुकट मदत करणार नाही.

आणि कोपऱ्यात कंपनीचं नाव उमटलं.

मावशीने दोन्ही हात हवेत उघडले, वेशीचे दोन दरवाजे ढकलावेत तसे. त्या खुणेला भाषा लागली नाही. बाईंनी तस्सेच हात उघडले.

सिम पूर्ण चालू व्हायला संध्याकाळ झाली. तोवर दोघांना माझ्या दुकानात भजीपाव आणि चहा, दंड म्हणून, माझ्याकडून. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ. लेकीला निरोप गेला, आणि रविवारची वाट न बघता तिचाच व्हिडिओ कॉल आला.

मी टाचा उंचावून पुढे झालो. इतकं नाटक घडवून आणलं, शेवटचा प्रवेश बघायला नको? एवढ्यात माझ्या हनुवटीला दोन बोटं लागली आणि तोंड रस्त्याकडे वळलं. "तिकडं बग, झेरॉक्स. आता घराचा कुलूप हाय."

तिने छत्री आडवी करून टेबलापुढे टेकवली आणि स्वतःही पाठ केली. आम्ही दोघं रस्त्याकडे तोंड करून उभे. ट्रक, रिक्षा, मागे गल्लीतल्या लूमचा खडखडाट, सगळा नाका घसा फाटेस्तोवर ओरडत होता. आमच्या पाठीमागे एक आई आठ महिन्यांचं बोलत होती, आणि ऐकू येत होता फक्त बांगड्यांचा आवाज. कधी भरभर, कधी थांबून थांबून. एकदा बराच वेळ काहीच नाही. मग एकदम पुष्कळ. मावशी हसली. तिला काय कळलं असेल? मी विचारलं नाही.

रस्ता रुंद झाला तेव्हा टपऱ्या उठल्या. माझी पायरीही गेली, दुकान राहिलं. ती पडघ्याला बहिणीकडे गेली आणि तिथे हायवेला छत्री लावून बसली. जाताना म्हणाली, "पोर्ट जालंय रं. नंबर तोच हाय." तिथेही ती फोन कानाशी हलवत असेल. मी फोन केला की पहिला प्रश्न येतो, "मशीन दुरुस्त केलीस का?"

अजून लोक माझ्याकडे येतात, पिशवीत गुंडाळलेला फोन हातात, आणि विचारतात, इथली मौसी कुठे गेली? मी तिचा नंबर देतो. तिच्या नंबरात दोनदा एक येतो. कागद घेतो, पेन घेतो, बाकीचे आकडे आकड्यांत लिहितो, आणि त्या दोन जागी अक्षरांत लिहितो, काना-मात्रा नीट सांभाळून: एक. लोक म्हणतात, टाइप करून द्या की, साफ येईल.

मी हातानेच लिहून देतो.