बिबळ्याचा चीक

सकाळी वायरमनने तारांवर आलेली बिबळ्याच्या झाडाची फांदी छाटली आणि खोडावरून लाल चीक ओघळू लागला. हुबेहूब रक्त. पाहणाऱ्याला झाड नव्हे, माणूसच उभा वाटावा. या लाकडाला वाळवी लागत नाही, पाण्याने ते कुजत नाही. माझ्या दाराची चौकट त्याचीच आहे. तिच्यातून आत येताना मी अजूनही हात पुसतो.

चौकटीचं ते झाड आम्ही कित्येक वर्षांपूर्वी चोरून तोडलं होतं, मी आणि शेजारचा सोमा. दिवसभर तो माझ्याबरोबरच होता. त्याच दिवशी त्याचा भाऊ नाहीसा झाला आणि संध्याकाळी लोकांना सोमाच्या सदऱ्यावर लाल डाग दिसले.

"तात्या, सांग ना यांना, कसले डाग आहेत ते!"

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो. चोरी उघडी पडली असती.

लोकांनी त्याला खुनी ठरवून गावाबाहेर काढलं. तो परतला नाही, भाऊही नाही.

आज सोमाच्या बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली.

"भाऊजी, रक्ताचे डाग धुतले की फिके पडतात. तो सदरा मी चारदा धुतला, डाग तसेच लालभडक राहिले," ती म्हणाली. "पण बायकोचं कोण ऐकणार? तुम्ही कधी बोलताय, याची वाट बघत होते."