लोगो नसलेला रिपोर्ट

मी लॅबच्या दारात पोचले तेव्हा मॅनेजर साहेब "व्हायरस आलाय" म्हणत पाचव्यांदा कॉम्प्युटर बंद करत होते.

शहाद्याचं एक खासगी हॉस्पिटल. मी नंदुरबारहून कॉम्प्युटर सर्व्हिसला जाते, बावीस वर्षं झाली. आत कळसाडीची एक बाळंतीण होती, रक्त फार गेलेलं. तिचं सॅम्पल मशीनने तपासलं होतं, पण त्या मशीनला स्वतःचा स्क्रीन नाही. आकडा दिसतो तो कॉम्प्युटरवरच. आणि रिपोर्टशिवाय ब्लड बँक रक्ताची पिशवी देत नाही.

मी कॉम्प्युटर चालू केला. काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं. सरळ इंग्रजीत लिहिलेलं: ग्राफिक्स मिळत नाही, टेक्स्ट मोडमध्ये चालू ठेवायचं असेल तर वाय दाबा. आदल्या दिवशीच्या अपडेटने चित्रं दाखवणारा भाग बिघडवला होता, म्हणून सॉफ्टवेअर रंगीत खिडक्या सोडून नुसत्या अक्षरांवर आलं होतं. लाइट गेली म्हणून भाकरी थापायचं कोणी थांबतं का? तसंच हे. बिचारं सकाळपासून एकच प्रश्न विचारत होतं आणि हे शहाणे दर वेळी त्याचं बटण दाबत होते. अहो, चार ओळी वाचायला काय जातं?

मी वाय दाबलं. लॅब टेक्निशियन सुनंदाताईंनी पेशंटचा नंबर टाकला. हिमोग्लोबिन चार पूर्णांक दोन, म्हणजे असायला हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी. प्रिंटरमधून साधा कागद आला.

मॅनेजर साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"मॅडम, हा आपला रिपोर्ट नाही. लोगो कुठाय? कमी आकड्याचा लाल रंग कुठाय? आधी ग्राफिक्स आणा."

त्याला दीड-दोन तास लागतील म्हटलं, तर म्हणे थांबू. माझं डोकंच फिरलं. थांबायचं कोणी, यांनी की त्या पोरीनं?

तिचे वडील खिडकीशी उभे राहून सगळं ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "ताई, चित्र-बित्र ऱ्हाऊ द्या. मन्ही पोरना आंगमा रगत कितलं शे, तेवढं सांगा."

शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला कळलं ते एसीत बसणाऱ्याला कळेना. संताप येणार नाही तर काय होईल?

सुनंदाताईंनी साहेबांच्या हातातून कागद घेतला आणि थेट डॉक्टरबाईंकडे गेल्या. बाईंनी आकडा वाचला, खाली सही ठोकली. ब्लड बँकेने लोगोचं नावही काढलं नाही. संध्याकाळच्या आत दोन पिशव्या चढल्या. पोरगी वाचली.

ग्राफिक्स मी मग सावकाश दुरुस्त केलं. साहेबांनी माझ्या सर्व्हिस शीटवर "विना लोगो रिपोर्ट काढला" असा शेरा मारला. मी खाली आनंदाने सही केली.

निघताना सुनंदाताईंनी स्क्रीनच्या कडेला वहीचं पान चिकटवलं: "काळा स्क्रीन आला तर बंद करू नका. आधी वाचा." महिन्याने गेले, तर तोच मजकूर हॉस्पिटलच्या लेटरहेडवर. वहीचं पान साहेबांनी काढायला लावलं होतं म्हणे.

असू दे. लोगो आहे म्हणून तरी आता ते वाचतात.