आमचे भावोजी, परगावचे पर्यटक

आमच्या गावात सरकारकडून काही हवं असेल तर आधी परगावचं व्हावं लागतं. हा शोध माझ्या भावोजींनी लावला. त्याबद्दल त्यांचा सत्कार वगैरे कुणी केला नाही, उलट त्यांचा धंदा बुडवला. तेही सांगते.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. काम किल्ल्या बनवण्याचं. बसस्टँडच्या कोपऱ्यात त्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक कपाट उभं केलंय आणि त्यात भावोजी बसलेत! गाव तळ्याकाठचं, मागे टेकडी. सुट्ट्या लागल्या की माणसं येतात, लॉजवर उतरतात आणि जाताना खोलीची किल्ली खिशात घालून निघून जातात. मग लॉजवाला तोंड वाकडं करत भावोजींकडे येतो. पर्यटनामुळे स्थानिकांची भरभराट होते म्हणतात, ती आमच्या घरी अशी एकेक किल्ली करून यायची.

देवाने त्यांना रूप मात्र सुट्टीवरच्या माणसाचं दिलंय. गोल पोट, गोल चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ताच जेवलेत आणि जरा पाय मोकळे करायला निघालेत. घरात कितीही काळजी असो, तोंडावर दिसायची नाही. ताई चिडायची. म्हणायची, "माझ्या आजारपणाचं निदान ऐकतानाही हे असेच बसले होते. डॉक्टरांना वाटलं, यांना कळलंच नाही."

निदान होतं मूत्रपिंडांचं. दोन्ही निकामी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही शहरातल्या हॉस्पिटलात, घाट उतरून. पूर्वी सकाळी एक बस होती, थेट हॉस्पिटलच्या दारात सोडायची. ती सरकारने बंद केली. भावोजी बसच्या कचेरीत गेले. साहेब म्हणाला, "त्या मार्गावर प्रवासीच नाहीत."

"मी आहे ना साहेब. आणि माझी बायको."

"दोन माणसांसाठी बस सोडू?" साहेब हसला. शेजारचा कारकूनही हसला, कारण साहेब हसला होता. त्यानंतर भावोजींनी त्या कचेरीचे उंबरे झिजवले आणि दर वेळी हात हलवत परत आले.

मग मी माझं डोकं चालवलं. मी गावातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात कामाला आहे. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे माझ्याकडे. मळके कपडे धुवायला शहरात जातात, त्यासाठी हॉटेलची गाडी आहे. ड्रायव्हर भला माणूस. त्याने ताईला मागे बसवून न्यायचं कबूल केलं. बसवून म्हणजे काय, चादरींच्या गाठोड्यांवर आडवं करून. परक्यांच्या घामाच्या वासात माझी बहीण घाट उतरायची आणि वर मला म्हणायची, "मऊ असतं गं, गादीवर झोपल्यासारखं." मला रडू यायचं. पण सोय तर झाली होती.

या सोयीत एकच गोम होती. हंगाम संपला की पाहुणे नाहीत. पाहुणे नाहीत तर मळक्या चादरी नाहीत, चादरी नाहीत तर गाडी नाही. म्हणजे लोकांनी सुट्ट्या काढायच्या थांबवल्या की ताईला श्वास लागायचा. पर्यटनावर आमचं सगळं गाव जगतं म्हणतात ना, ते आमच्या ताईच्या बाबतीत अक्षरशः खरं होतं.

आता अध्यक्षांकडे वळते. अध्यक्ष म्हणजे आमच्या हॉटेलचे मालक आणि पर्यटन व्यावसायिक संघाचे तहहयात अध्यक्ष. संघाच्या बैठका माझ्या चादरींच्या खोलीला लागून असलेल्या हॉलमध्ये होतात. मी इकडे घड्या घालते आणि तिकडे सरकारने काय काय करावं ते ठरतं. विमानतळ हवा. टेकडीवर रोपवे हवा. तळ्यात रंगीत कारंजं हवं. करमाफी तर हवीच. उद्योगाचा दर्जा हवा, आणि जाहिरातीसाठी एखादी नटी हवी. एकदा बोटवाल्याने भीतभीत विषय काढला, "साहेब, ती सकाळची बस बंद झाल्यापासून लोक..."

अध्यक्षांनी त्याला मध्येच तोडलं. "बसने येणारा माणूस घरून डबा आणतो आणि बाकावर बसून खातो. आपल्याला विमानाने येणारा हवाय."

आमच्या गावात सपाट जागा एकच, तळं. विमान त्यात उतरवणार का, असं विचारायला माझी जीभ नुसती वळवळत होती. पण नोकरी प्यारी होती.

या मंडळींची कला काय वर्णावी! मागे सरकारकडे मदतीचं पॅकेज मागितलं होतं. व्यवसाय बुडाला, माश्या मारतोय, वगैरे. पाहणीला अधिकारी आला तो नेमका ऐन हंगामात. गावात पाय ठेवायला जागा नाही. मग अध्यक्षांनी काय करावं? 'मोफत नौकाविहार' अशी पाटी लावली, खरेखुरे पर्यटक बोटींत भरले आणि पलीकडच्या काठावर नेऊन सोडले. अधिकारी पोटभर जेवून जाईपर्यंत एक बोट परत आणली नाही. ओसाड किनारा दाखवताना अध्यक्षांनी डोळ्यांना रुमाल लावला. इस्त्री माझी होती. पॅकेज मंजूर झालं.

पुढे स्वतः पर्यटनमंत्री येणार म्हणून कळलं. पण तेव्हा हंगाम संपलेला, चिटपाखरू नाही. आणि या वेळी दाखवायची होती गर्दी. विमानतळ मागायचा तर उतरायला माणसं नकोत? तेव्हा अध्यक्षांनी गावातलीच माणसं गोळा केली, त्यांना टोप्या वाटल्या, फुलाफुलांचे शर्ट वाटले. न्हावी सहकुटुंब पर्यटक झाला. शाळेचे शिपाई पर्यटक झाले. आणि मंत्र्यांशी बोलायला पुढे कोण? तर भावोजी. असा चेहरा अध्यक्षांना पैसे मोजून मिळाला नसता. त्यांनी भावोजींकडून एक वाक्य घोकून घेतलं, "विमानतळ असता तर आम्ही दर महिन्याला आलो असतो."

त्याच आठवड्यात गाडी गेली नव्हती. ताईचं एक डायलिसिस हुकलं होतं. पाय सुजून पावलं चपलेत जाईनात. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून भिंतीला टेकून बसायची. मी म्हटलं, "भावोजी, अशा वेळी कसली सोंगं काढताय?" तर म्हणाले, "मेहुणीबाई, अध्यक्षांनी सांगितलंय. काम नीट झालं तर उद्या गाडी सोडतो म्हणालेत." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बायकोचा जीव वाचवायला माणसाने विदूषक व्हायचं!

मंत्री आले. हार झाले, फोटो झाले. मी ओल्या रुमालांचा ट्रे घेऊन मागे उभी. मंत्री सरळ भावोजींपाशी आले. माणूस हसरा होता.

"कसं वाटलं आमचं गाव?"

"चांगलं आहे साहेब."

"एकटेच आलात?"

"नाही, बायको आहे. खोलीवर. बरं नाही तिला."

"अरे! मग काही गैरसोय? मोकळेपणाने सांगा."

अध्यक्षांनी भुवया उडवल्या. विमानतळ उतरवायची जागा हीच. भावोजींनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाचा चेहरा पडलेला पाहिला.

"साहेब, बस नाही."

"बस?"

"सकाळची. शहरातल्या हॉस्पिटलला जायला. बायकोला आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागतं. बस नाही म्हणून या वेळचं हुकलं. पाय सुजलेत तिचे. बसल्या बसल्या झोपते. दुसरं काही नको साहेब, तेवढी बस द्या."

मंत्र्यांनी भावोजींच्या खांद्यावर हात ठेवला. मग आपल्या सचिवाकडे वळून गरजले, "ऐकलंत? एवढ्या लांबून हा माणूस आजारी बायकोला घेऊन आपल्याकडे सुट्टीला येतो आणि आपण त्याला एक बस देऊ शकत नाही! पर्यटक का येत नाहीत म्हणून डोकं खाजवत बसता, हे बघा कारण! पाहुणे काय म्हणतील आपल्याला?"

अध्यक्षांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. पण बोलतात काय? हा पर्यटक नाही, आमचा किल्लीवाला आहे, असं म्हणावं तर बाकीच्या टोप्यांखाली कोण आहे तेही सांगावं लागलं असतं. मंत्र्यांना तर नवीन कल्पनाच सुचली होती. 'आरोग्य पर्यटन' हे नाव त्यांनी तिथेच ठेवलं, सचिवाने टिपून घेतलं, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी गाडी अर्थातच सुटली नाही. मी आणि भावोजींनी मिळेल त्या टेम्पोला हात करत ताईला शहरात नेलं. डॉक्टर आम्हाला नाही नाही ते बोलले, आणि आम्ही ऐकून घेतलं.

पण बस आली! मोठाल्या काचांची, गारेगार, पडद्यांची. पहिला थांबा तळं, दुसरा टेकडी, शेवटचा हॉस्पिटल. भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. दारावर पाटी होती, 'फक्त परगावच्या पर्यटकांसाठी'. स्थानिकांनी गर्दी केली तर पाहुण्यांची गैरसोय होते ना!

मग काय, गावाने टोप्या परत बाहेर काढल्या. मोतीबिंदूवाले आजोबा, न्हाव्याची दिवस राहिलेली सून, सगळी मंडळी पर्यटनाला निघाली. कंडक्टर आमच्याच गल्लीतला. त्याने नियमाप्रमाणे विचारायचं, "कुठून आलात?" भावोजींनी म्हणायचं, "लांबून."

"किती लांबून?"

"फार लांबून."

"बसा."

टेकडीवर बस थांबते आणि सगळ्यांनी उतरून देखावा बघायचा, हा सरकारी नियम. पहिल्या दिवशी मी ताईला हाताला धरून उतरवलं. ती कठड्याशी उभी राहिली. खाली सगळं तळं, काठाला गाव, बोटी. लग्न होऊन गावात आली त्याला उभा जन्म झाला, आणि टेकडीवर ती कधी चढलीच नव्हती. संसारातून सवड कुणाला होती? बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे गं. लोक उगाच नाही येत." मी तोंड फिरवलं.

अध्यक्षांनी मात्र भावोजींवर दात धरला. लॉजवाल्यांनी किल्ल्या दुसरीकडून करून घ्यायच्या, असा निरोप गेला. कपाटात भावोजी नुसते बसून असायचे, तोच जेवल्यासारखा चेहरा करून. इकडे सरकारने जाहीर केलं, की या भागात पुन्हा पुन्हा येणाऱ्या पर्यटकांच्या संख्येत विक्रमी वाढ झाली आहे. होणार नाही तर काय! आमची ताईच आठवड्यातून दोनदा येत होती. अध्यक्षांनी त्या वाढीचं श्रेय घेतलं आणि पुढच्या बैठकीत नवी मागणी केली, की बसचा हॉस्पिटलचा थांबा काढा. म्हणाले, "सुट्टीवर आलेल्या माणसाला सलाईनच्या बाटल्या दाखवायच्या का? मूड जातो." ही मागणी मात्र सरकारला एकदम पटली. विमानतळ मागून मिळत नाही, पण थांबा काढायला कितीसा वेळ लागतो? मी भिंतीपलीकडे अभ्रा हातात धरून उभी होते.

तरी सरकार म्हणालं, आधी पर्यटकांचं मत घेऊ. म्हणून गेल्या सोमवारी बसमध्ये एक मुलगी माईक घेऊन चढली. शहरातली, गोड, नवी नोकरी. त्या दिवशी मीही ताईबरोबर होते. डायलिसिस उरकून परतत होतो. ताईचा चेहरा पांढराफटक, डोकं माझ्या खांद्यावर. पोरीने माईक पहिल्यांदा तिच्याचपुढे धरला.

"काकू, सगळ्या सहलीत तुम्हाला कुठलं ठिकाण जास्त आवडलं?"

ताईने डोळे उघडले. "हॉस्पिटल."

मागच्या सीटवर दोन खरे पर्यटक होते, ते खो खो हसले. मुलगीही हसली आणि पुढे सरकली. आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, "हॉस्पिटल." न्हाव्याच्या सुनेने पोटावर हात ठेवून सांगितलं, "हॉस्पिटल." एकेक टोपी तेच सांगत गेली. भावोजींची पाळी आली तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली. खऱ्या पर्यटकांचं हसू केव्हाच थांबलं होतं. मुलगी गोंधळली. आपलं काही चुकतंय का म्हणून कंडक्टरकडे बघायला लागली. कंडक्टर खिडकीबाहेर बघत होता.

गावात बस थांबली. मी ताईला उठवलं. मुलगी दारात उभी राहून प्रत्येकाला शिकवल्याप्रमाणे निरोप देत होती. ताईचा हात हातात घेऊन म्हणाली, "आमच्याकडे आलात, खूप बरं वाटलं काकू. पुन्हा कधी येणार?"

"गुरुवारी," ताई म्हणाली. "बस आली तर."