आज माईक मी चेक केला

आज सकाळी मुलुंडच्या एका हॉलमध्ये आमच्या सुज्याची शोकसभा होती. सुज्या म्हणजे आमच्या रॉक बँडचा सिंगर. मी ड्रम्स वाजवतो.

बारा वर्षं कॉलेजांत, पबमध्ये, एकदा तर गणपतीच्या मंडपासमोरही आम्ही वाजवलं. स्टेजवर सुज्या नुसता पेटायचा. गेल्या आठवड्यात झोपेतच गेला. एक्केचाळीस हे काय वय आहे यार?

ज्यांनी आमचे शो पाहिलेत त्यांना आठवत असेल, माईक चेक करताना तो कधीच 'वन टू थ्री' म्हणायचा नाही. मालवणीत ओरडायचा, "आये, जेवलंस गो?" पोरं शिट्ट्या मारायची. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "अरे, घरी असताना हेच विचारायचं राहून जातं."

त्याची आई शोला कधी आलीच नाही. "तुमचो आरडाओरडो माका सोसणा नाय," म्हणायची.

आज साउंडवाल्याने माझ्या हातात माईक दिला. "चेक कर ना जरा." माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सवयीने तोंडातून तेच निघालं.

"आये, जेवलंस गो?"

अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. वाटलं, मी हे काय करून बसलो! पहिल्या रांगेत काकू, सुज्याची आई, डोळे मिटून बसल्या होत्या. डोळे न उघडताच म्हणाल्या,

"नाय रे झिला. तू जेवलंस?"

माईक चालूच होता. सांगा ना, तुम्ही काय उत्तर दिलं असतं?