उत्तरावरचं शून्य

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि ऑफिसात कोण कोणाशी बोलत नाही इथपर्यंत सगळं मी त्याला सांगते. मग तुम्हालाच का? माहीत नाही.

आधी काम समजून घ्या, थोडंसंच आहे. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर बनत होतं. रिपोर्ट साठवणारा प्रोग्रॅम माझा, एका भाषेत लिहिलेला. ते मागवून पेशंटला पाठवणारा माझ्या सहकाऱ्याचा, ऍल्विनचा, दुसऱ्या भाषेत. त्याच्या प्रत्येक प्रश्नावर एक क्रमांक असायचा आणि माझ्या उत्तरावर तोच क्रमांक परत जायला हवा होता. पोळीभाजी केंद्रातल्या टोकनसारखं — नाहीतर कोणाचा डबा कोणाच्या हातात?

माझ्या उत्तरावर कायम शून्य जायचं. आळस, दुसरं काय! एका वेळी एकच प्रश्न आला तर काही बिघडत नाही, म्हणून नंतर बघू म्हटलं. ऍल्विनचा प्रोग्रॅम मात्र क्रमांक ताडून बघायचा आणि माझी उत्तरं नाकारायचा. लॅबच्या लोकांना काम दाखवायची वेळ आली, तेव्हा चहाच्या टपरीवर मी त्याला म्हटलं, "तुझी ती तपासणी काढून टाक ना रे, मी नंतर नीट करते." त्याने काढली. का नाही काढणार? माझ्या बाळंतपणात माझं सगळं काम न सांगता अंगावर घेणारा माणूस तो.

मी नीट केलं नाही. विसरले असं म्हणता येईल — पण विसरले नव्हते. रोज उद्यावर ढकलत होते.

काम सुरू झालं, पेशंट वाढले. एकदा माझं उत्तर उशिरा पोचलं. तोवर ऍल्विनचा प्रोग्रॅम पुढच्या पेशंटचं विचारत होता, आणि ते उत्तर त्या पुढच्या पेशंटलाच चिकटलं. मुलुंडच्या एका बाईंना दुसऱ्याच कोणाचा कॅन्सरचा रिपोर्ट गेला. दुसरीकडे तपासून घेईपर्यंत त्या घरात काय झालं असेल? त्या दिवशी मी तो विचार केलाच नाही. विचार केला तो स्वतःचा. कोणी विचारायच्या आत शून्य काढून खरा क्रमांक घातला, आणि बदलाच्या नोंदीत कारण लिहिलं — किरकोळ साफसफाई.

चौकशीच्या मीटिंगमध्ये ऍल्विनने काही लपवलं नाही. तपासणी मीच काढली म्हणाला, अनघाने सांगितलं म्हणून. तिच्याकडून शून्यच यायचं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला असं काही आठवत नाही," मी म्हटलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. माझं जुनं काम तपासायला सांगितलं तेही मलाच — मी सीनियर ना! माझ्या बाजूने चूक नाही, असं मी कळवून टाकलं. ऍल्विनला काढलं. मुलाखतीला जाईल तिथे ही गोष्ट त्याच्या आधी पोचायची.

मागच्या वर्षी तो बोरिवलीच्या बाजारात भेटला. आता मेव्हण्याच्या मंडप डेकोरेटर्सच्या दुकानात बसतो. मी नजर चुकवली, पण त्याने हाक मारली. आधी माझ्या मुलाची चौकशी केली, मग म्हणाला, "अनघा, खरं सांग गं. टपरीवर तू बोललीस असंच अजून डोक्यात आहे माझ्या. बायको म्हणते, तुला भास होतात, डॉक्टरकडे चल. यार, माझाच माझ्यावर भरवसा नाही राहिला."

तो रागावलेला नव्हता. त्याला फक्त हो की नाही, एवढंच हवं होतं. नोकरी परत मागत नव्हता. भर बाजारात, ओळखीचं कोणी आसपास नसताना, हो म्हणायला माझं काय जात होतं?

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "एकदा डॉक्टरला दाखवून घे, ऍल्विन."

त्याने मान हलवली. थँक्यू म्हणाला.