पिक्चरखालची पट्टी

सोसायटीतली जुनी मंडळी भेटली की किस्से निघतात आणि चहा दुसऱ्यांदा गरम करावा लागतो. परवा लेक म्हणाला, "पप्पा, स्ट्रीमिंगवर पिक्चरखाली कमेंट्स हव्यात यार!" म्हटलं, बाळा, दिल्लीत जमुनापार आम्ही हे केबलच्या जमान्यातच भोगलंय!

आमचा केबलवाला पप्पी रोज दुपारी कॅसेट लावायचा. त्यानं नवीन टूम काढली. दुकानात फोन करा, तुमचं मत पिक्चरखालच्या पट्टीवर झळकेल!

पहिल्याच दिवशी रहस्यपट. नावं पडतायत तोवर पट्टी आली: 'खून डॉक्टर ने किया है.' सगळे खवळले. पप्पी शांत. "भाईसाब, पब्लिक की राय है!"

*

आमचे कुलकर्णी काका केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी. एकदा रजेवर घरी होते. हिरॉइन धबधब्याखाली गेली आणि पट्टीवर त्यांचा शेरा आला: 'एग्झामिन्ड. मे बी फास्ट-फॉरवर्डेड, प्लीज.' पप्पीनं घाबरून कॅसेट पुढं ढकलली. लगेच फोनांचा पाऊस: 'वापस लाओ!' त्या दुपारी धबधबा दोनदा पाहिला आम्ही.

*

बी-७ फ्लॅटमधल्या सुमनकाकू म्हणजे काकांच्या मिसेस, साताऱ्याच्या. हिंदी बेतास बात, आणि घरी आले की काका पेपरमागे. पट्टीवर मात्र काकू सुटायच्या. हिरोची आई खोकली की हजर: 'मांजी को काढा दो. बी-७.' पुढं पप्पी खोकला, तर त्याच्याही दुकानात काढा पोचला!

*

शेवटी काकांनीच ठराव मांडला. "पिक्चर गप्प बसून बघायचा असतो. पट्टी बंद!" मीटिंगला निघालो तर घरीच थांबलेल्या काकू जिन्यात म्हणाल्या, "पट्टी गेली तर मी बोलू कुणाशी रे?"

सोसायटीच्या ऑफिसात पुरावा म्हणून टीव्ही चालूच ठेवला होता. हात वर होणार, एवढ्यात पडद्यावर हिरोनं रुसलेल्या बायकोला चहा करून दिला. खाली पट्टी: 'आमच्याकडे लग्नापासून एकदाही नाही. बी-७.'

सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी चष्मा पुसला, उठून कोपऱ्यातल्या फोनवर हळूच काहीतरी बोलले आणि जागेवर येऊन बसले.

पट्टी आली: 'एग्झामिन्ड. मागणी रास्त. आजचा चहा अंडर सेक्रेटरी करतील, प्लीज.'

आणि पाठोपाठ दुसरी: 'साखर वरच्या फळीवर आहे. बी-७.'